त्याला आवाज सोसत नाही, हे नाटक नाही

संपादक साहेब, नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास होण्याचा मानसिक आजार आहे, गोळ्या नियमित चालू आहेत, पण गल्लीत डीजे लागला की तो भरल्या ताटावरनं उठतो आणि कपाटामागं कान दाबून बसतो, अन् लोक म्हणतात नाटक करतोय. नाटक नाहीये हो ते! अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं दोन सारखे टक-टक आवाज ऐकवले तर आपला मेंदू दुसऱ्याला कमी दाद देतो, मघाचाच आहे म्हणून सोडून देतो, या आजारात बऱ्याच जणांचा मेंदू तसा सोडत नाही, दुसराही जवळपास तेवढ्याच जोरात घेतो. १९८० च्या दशकापासून ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीत, हे दिसलंय. नसलेले आवाज ऐकू येण्याचे भास होतात तेव्हा तर स्कॅनमध्ये मेंदूतला ऐकण्याचा भाग अनेकदा जागा झालेला दिसतो, मग त्याला नुसतं "काही नाही रे" म्हणून कसं भागेल?

सांगलीतल्या मंडळांना हात जोडून सांगणं, कुणी घरातनं येऊन विनंती केली तर तेवढ्या दारापुरता आवाज कमी करा. आणि कुणाच्या घरी असा त्रास असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

– एक बहीण, विश्रामबाग, सांगली