नांदेडच्या इंजेक्टरवाल्या चाचांना

चाचा, सलाम.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. दुकानात सगळेच तुम्हाला चाचा म्हणत होते, मीही तेच म्हणते. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. ज्यांनी आम्हाला नाडलं त्यांच्याबद्दल मी चारचौघांत खूप बोलले. तुमच्याबद्दल बोलले ते फक्त घरात. हे मनाला पटेना.

तुमच्याकडे रोज कितीतरी माणसं येत असतील, म्हणून ओळख देते. मी अहमदपूरची, जनावरांसाठी मोरक्या, कासरे, वेसणी, घुंगरमाळा विकणारी. सोबत दीर होता. एका पिशवीत आमच्या शेवरोले एन्जॉय गाडीचे चार इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल सोडणारे भाग, दुसरीत पार्सलने आलेले दोन. घरचे हाळीच्या बाजारात माल घेऊन बसलेले, म्हणून मला यावं लागलं.

तेव्हाची आमची अवस्था तुम्हाला सांगितली नव्हती. माळेगावची यात्रा तोंडावर आली होती. खंडोबाची देवस्वारी निघते ती येळवसेच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या आदल्या दिवशी, आणि त्याच्या आधीपासून तिथं घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी जातीची जनावरं उतरायला लागतात. वर्षभर गोंडे वळायचे ते त्या मैदानासाठी. त्या दिवसांत जो विकतो त्याच्या घरात पुढचे महिने चूल नीट पेटते. आणि आमची गाडी सकाळी चालूच होईना. झाली तर पांढरा धूर, आणि पुढे असा ठोका की शेजारची माणसं बाहेर येऊन बघायची.

आमच्या मिस्त्रीनं इंजेक्टरांतून उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या रिटर्नच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून इंजिन चालू केलं. दोन बाटल्यांचा जेमतेम तळ ओला झाला, दोन भराभर चढत गेल्या. तो म्हणाला, ज्यांच्या बाटल्या भराभर भरल्या ते दोन इंजेक्टर गेले. गाडी 2013 ची, आम्ही जुनीच घेतलेली. कंपनीनं 2017 मध्येच भारतातली विक्री थांबवली. नवीन इंजेक्टर मागवायचे म्हणजे पैसेही नव्हते आणि वाट बघायला दिवसही नव्हते. जुने बघा, असं सगळ्यांनीच सांगितलं.

मग जे झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्या माणसांना या पत्रात फार जागा द्यायची नाही. एकानं फोनवर ‘टेस्ट करून देतो, गॅरंटी’ म्हणत आधी पैसे घेतले आणि पार्सल पाठवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन इंजेक्टर, तोंडं उघडी, आणि अंगावरचा नंबर ग्राइंडरनं घासून काढलेला. ते बसवल्यावर गाडी आधीपेक्षा वाईट चालायला लागली. त्याला फोन केला तर म्हणाला, तुमच्या मिस्त्रीला कोडिंग येत नाही. पुढे फोन उचलणंच बंद. दुसरा एक दुकानदार तर माझ्याकडे बघेचना. सगळं दिराशी बोलला, आणि मी काही विचारलं की ‘घरच्या माणसाला पाठवा’ म्हणायचा. इंजेक्टर न बघताच त्यानं भाव सांगितला, आणि ‘नेल्यावर परत घेणार नाही’ हेही.

अशा दारांवरून फिरून मी तुमच्या दुकानात आले. खरं सांगते चाचा, पायरी चढताना मनात भांडणाची तयारी होती.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, गाडी कशासाठी वापरता. मी सांगितलं. मग तुम्ही सहाही इंजेक्टर तपासायच्या बेंचवर लावलेत. पार्सलमधल्या दोघांकडे बघून म्हणालात, ‘इसको नक्को डालो बेटा. इंजिन खराब कर देगा.’ आमच्या चारांपैकी दोन धड आहेत, ते साफ करून चालतील, असंही तुम्हीच सांगितलंत. मी तर चारही घ्यायच्या तयारीनं आले होते. चार विकले असते तर मला काय कळणार होतं?

तुमच्याकडे अपघातात गेलेल्या एका एन्जॉयचे तीन होते. तेही तुम्ही आमच्यासमोर लावलेत. काचेच्या नळ्यांत डिझेल चढताना मी बघत होते. मला तिन्ही सारखेच वाटले. तुम्ही एकाकडे बोट केलंत, बारीक चालीवर हा कमी सोडतो म्हणालात, आणि तो उचलून सरळ भंगाराच्या डब्यात टाकलात. फडताळात परत ठेवला नाहीत. डब्यात पडल्याचा आवाज मला आजही आठवतो.

पण हे पत्र मी लिहिते आहे ते त्यानंतरच्या गोष्टीसाठी.

तुम्ही निवडलेल्या दोघांपैकी एक हातात घेतलात. त्या इंजेक्टरच्या डोक्यावर काळं किटण बसलं होतं. डिझेलमध्ये अंगठा बुडवून तुम्ही ते हळूहळू चोळत राहिलात, खाली बारीक अक्षरं दिसेपर्यंत. मग खिशातून भिंग काढलंत. दिरानं हात पुढे केला होता. तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, ‘बेटा, तू पढ.’ दिवा माझ्या बाजूला वळवलात. मी एकेक अक्षर, एकेक आकडा वाचत गेले, तुम्ही चिठ्ठीवर लिहीत गेलात. लिहून झाल्यावर चिठ्ठी मला दिलीत आणि पुन्हा इंजेक्टरशी जुळवून बघायला लावलंत. मग आमचा जुना इंजेक्टर शेजारी धरून पार्ट नंबरही मलाच ताडून बघायला सांगितलात.

तेव्हाच तुम्ही समजावलंत की हे 1248 सीसीचं डिझेल इंजिन एकाच घराण्यातून कितीतरी गाड्यांत गेलं, स्विफ्टमध्ये, इंडिका व्हिस्टामध्ये, पुंटोमध्ये. म्हणून लोक ‘सगळं एकच आहे’ म्हणून काहीही गळ्यात मारतात. नंबर जुळल्याशिवाय घ्यायचा नाही. आणि प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा कोड असतो, तो स्कॅनरनं गाडीच्या मेंदूत भरावा लागतो, तेव्हा कुठे त्याला किती डिझेल द्यायचं ते कळतं. इंजिनात डिझेलचा आधी एक बारीक थेंब पडतो, मग खरा मारा. तो पहिला थेंब चुकला की ठोका येतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा, आणि इंजेक्टरच्या या नळीत हजार बारच्या वर दाब! एवढं सगळं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आमचीच गाडी, आमचेच पैसे, तरी प्रत्येक दुकानात मी फक्त पैसे मोजायला उभी असायचे.

ज्यानं नंबर घासून काढला त्याला वाटत होतं की मी तो वाचू नये. तुम्ही किटण काढून तोच नंबर मला वाचायला लावलात. या दोन माणसांत काय फरक आहे ते मी यात्रेत येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या गाडीवाल्याला सांगितलं.

जुन्या मालाच्या धंद्यात देणाऱ्याला सगळं ठाऊक असतं आणि घेणाऱ्याला काहीच नाही. आमच्या धंद्यातही हेच आहे. पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडी घुंगरांची माळ पितळी म्हणून खपवणारे यात्रेत असतात, आणि शेतकरी आवाजावर विश्वास ठेवून घेतो. पाऊस पडला की गंज येतो, तोवर विकणारा दुसऱ्या गावात. माझे सासरे गिऱ्हाईकाच्या हातात लोहचुंबक द्यायचे. तुम्ही भिंग दिलंत तेव्हा मला ते आठवले. अशी माणसं गावोगाव आहेत, एखाद्या बोळात, एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्यांची पाटी मोठी नसते, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. आणि आमच्यासारख्यांचं पोट त्यांच्यावर चालतं.

निघताना तुम्ही चारही इंजेक्टरांच्या तोंडाला टोप्या लावल्यात. दोन कमी पडल्या, तर स्वतःच्या नव्या मालाच्या काढून दिल्यात. तांब्याचे वॉशर नवेच टाका, जुने पुन्हा वापरू नका, असं आमच्या मिस्त्रीला फोन करून बजावलंत. चिठ्ठीवर कोणता इंजेक्टर कोणत्या सिलिंडरला तेही लिहिलं होतं. मिस्त्रीनं ती चिठ्ठी बघितली आणि म्हणाला, असं काम करून कुणी पाठवत नाही.

गाडी पहिल्या चावीला चालू झाली. ठोका गेला. देवस्वारीच्या आधी आमचं पाल माळेगावात उभं होतं, आणि घुंगरमाळा यंदा चांगल्या गेल्या. लाल कंधारीची एक जोडी तर आमच्याच साजात मैदानात उतरली, मालकानं मुद्दाम बोलावून दाखवली.

चाचा, तुम्ही दोन इंजेक्टरांचेच पैसे घेतलेत, बेंचवर लावल्याचे घेतले नाहीत. मी विचारलं तर ‘यात्रा होऊ दे’ म्हणालात. यात्रा झाली. पुढच्या आठवड्यात आमचा मिस्त्री नांदेडला येतो आहे, त्याच्याजवळ पैसे देते. कृपा करून परत पाठवू नका. आणि आमचे जुने दोन इंजेक्टर वर्षभरात पुन्हा तपासा म्हणाला होतात, ते पोळ्याचा हंगाम उरकला की मी स्वतः घेऊन येईन.

तुमची,
अहमदपूरची मोरकीवाली