डायलिसिसच्या चार तासांत उजवा हात मोकळा असतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक मूत्रपिंड दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. पाणी किती प्यावं, केळं आणि नारळपाणी का टाळावं, मीठ किती खावं, ही माहिती नीट दिली होती. सौभाग्यवतींनी ते कात्रण स्वयंपाकघरातल्या कपाटावर चिकटवलं आहे. पण आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनला लागून पडायचं, त्या वेळात माणसानं करायचं काय, याबद्दल लेखात एक ओळही नव्हती. मी तो वेळ अक्षरं काढण्यात घालवतो, म्हणून हे पत्र.

मी बोर्ड पेंटर. चित्रकार आणि सिनेमे काढणारे बाबूराव पेंटर यांच्या या कोल्हापुरात ‘पेंटर’ हे नावापुढं आडनावासारखं लागतं, तसं माझ्याही लागलं. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडती, तालमींच्या पाट्या, ट्रकच्या मागचा मजकूर, निवडणुकीच्या भिंती, सगळं रंगवलं. दोरी मारून वरची-खालची रेघ धरायची, खडूनं अक्षर बांधायचं, मग ऑइलपेंट. फ्लेक्स आले आणि काम आटलं. पुढं शुगरनं किडन्या गेल्या आणि शिडी कायमची सुटली.

डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. त्याआधी डॉक्टरांनी मला विचारलं, “काम कुठल्या हातानं करता?” उजव्या म्हटल्यावर ऑपरेशन डाव्या हाताला झालं. शक्यतो कामाचा हात सोडायचा, अशी पद्धतच आहे. डाव्या हातात दोन जाड सुया. एकीतून रक्त मशीनकडं जातं, दुसरीतून परत येतं. तो हात हलवायचा नाही. उजवा मोकळा. बहुतेक जण त्या हातात मोबाइल धरतात आणि त्यात वावगं काही नाही. मी पेन्सिल धरतो.

पोटावर उशी, उशीवर पॅड. कागद दाबून धरायला दुसरा हात नसतो, म्हणून वर आणि खाली अशा दोन क्लिपा लावतो. आधी शिरोरेघ. मग एकच अक्षर घेतो, समजा ‘ळ’. त्याच्या दोन पोटांमधली पांढरी जागा साधली नाही, तर लांबून ते अक्षर मिटल्यासारखं दिसतं. बोरूच्या तिरक्या कापानं जाड-बारीक आपोआप येतं. पेन्सिलीनं मात्र दोन्ही कडा बांधून आतली जागा भरावी लागते, आणि वळणावर जाडी कुठं सुरू होते, कुठं उतरते, हे डोळ्यांनीच ठरवायचं असतं. एका ‘ळ’ला तास सहज जातो. तिसऱ्या तासाला कधी बीपी उतरायला लागतं, तेव्हा माझी आडवी रेघ उजवीकडं झुकते. ती झुकलेली दिसली की मी पेन्सिल ठेवतो आणि सिस्टरांना हाक मारतो. शेवटी शेवटी पिंडऱ्यांत गोळे येतात, त्या वेळी काढणं होत नाही. डोळे मिटून पडतो.

लोक विचारतात, “यानं काही फरक पडला का?” किडनी किती काम करते ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन यानं उतरत नाही. पाण्याचं बंधन सुटत नाही, औषधाची एक गोळी कमी होत नाही. पण या आजारात दिवसभर दुसरेच तुम्हाला मोजत असतात. आल्यावर वजन, जाताना वजन, अर्ध्या अर्ध्या तासाला बीपी, महिन्याला रक्त. मशीनवर अंगातलं किती पाणी काढायचं, ते त्या आकड्यांवर ठरतं. ते सगळं गरजेचं आहे आणि करणारी माणसं मनापासून करतात. तरी मी त्यात नुसता मोजला जाणारा असतो. कागदावर मात्र मोजणारा मी. मात्रा जड झाली की हलकी, वेलांटी शिरोरेघेवरून नीट सुटली की नाही, याचा निकाल मी देतो आणि तो मला कुणाकडून समजून घ्यावा लागत नाही. आयुष्यभर ज्या कामानं पोट भरलं, ते काम अजून माझ्या हातात आहे. माझा दिलासा एवढाच आहे आणि मला तो पुरतो.

आमचे चित्रकलेचे मास्तर आंरी मातिस या फ्रेंच चित्रकाराची चित्रं दाखवायचे. १९४१ मध्ये कर्करोगाचं मोठं ऑपरेशन झाल्यावर त्याला उभं राहून काम करणं जमेना. तेव्हा तो रंगवलेले कागद कात्रीनं कापून चित्रं करू लागला, १९५४ मध्ये जाईपर्यंत. कागद रंगवून द्यायला आणि भिंतीवर लावायला मदतनीस होते. कापायचा तो स्वतः. याला लोक ‘आजारावर मात’ म्हणतात, ते मला पटत नाही. आजार होताच. त्यानं उरलेल्या ताकदीला जमेल असं काम शोधलं, आणि ते काम अव्वल होतं.

माझ्या शेजारच्या बेडवर एक काकू असतात. कित्येक महिने त्या भिंतीकडं तोंड करून पडायच्या. एकदा त्यांनी नातीचं नाव काढून मागितलं. मी काढून दिलं. पुढच्या खेपेला त्या स्वतःची वही घेऊन आल्या आणि ठिपक्यांची रांगोळी मांडायला लागल्या. आता ठिपके चुकले की मोठ्यानं पुटपुटतात आणि पुन्हा पुन्हा मोजतात. वही आणायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हे माझ्या एकट्याचंच म्हणणं आहे असं वाटू नये म्हणून लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०१९ मध्ये कला आणि आरोग्याबद्दलच्या ३००० हून अधिक अभ्यासांचा आढावा छापला आहे. आपल्याकडं राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळं अनेकांचं डायलिसिस होतं, सरकारी दवाखान्यांत सोय झाली आहे. त्यामुळं मी नव्या योजनेची मागणी करत नाही. बेडवर सरकवता येईल असं लहान टेबल द्या आणि डोक्यावरचा दिवा चालू ठेवा. आधीच्या एका सेंटरमध्ये मला पॅड आत नेऊ दिलं नव्हतं. जंतुसंसर्गाची भीती रास्त आहे. ओले रंग नकोत, पुसून घेता येईल असं प्लास्टिकचं पॅड आणि पेन्सिल चालावी.

कोल्हापुरातल्या कला महाविद्यालयांनाही विनंती आहे. डॉक्टरांच्या परवानगीनं एका शिफ्टला दोन विद्यार्थी पाठवा. त्यांनी शिकवायची गरज नाही, आमच्या शेजारी बसून आपलं स्केचिंग करावं. ज्याला वाटेल तो कागद मागून घेईल. फक्त आमचे फोटो आणि रील काढू नयेत, आणि चित्रांखाली आजाराचं नाव लिहून प्रदर्शन भरवू नये. कुणाला अक्षरं शिकायची असतील तर मी सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळच्या शिफ्टला असतो. दोरी मारण्यापासून सगळं दाखवीन.

आपला,
एक बोर्ड पेंटर, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, कृपया छापू नये.)