आधी ऑपरेशन, मग दिवाळी

सांगली,
अश्विन वद्य अष्टमी

प्रिय लता,

तुझा फोन आला तेव्हा मी मिरजेला बाबांच्या उशाशी होते, धड बोलताच आलं नाही. आता ते घरी आलेत, मऊ भात खाऊन झोपलेत, म्हणून लिहायला बसले.

बाबांना डेंग्यू झाला होता. तुझ्या आईलाही ताप आहे म्हणालीस, तेव्हापासून एक गोष्ट तुला कधी सांगते असं झालंय. पाचव्या दिवशी बाबांचा ताप उतरला. आम्हाला हायसं वाटलं, आईने देवापुढे साखर ठेवली. त्याच संध्याकाळी त्यांचं पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले. डेंग्यूत खरा धोका ताप उतरल्यावरच्या दिवस-दोन दिवसांतच असतो गं. रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, बीपी उतरतं. प्लेटलेट्स ३२,००० वर आल्या आणि नातेवाइकांचे फोनवर फोन, पण डॉक्टरांचं लक्ष लघवी किती होते आणि नाडी कशी आहे याकडे. नुसता आकडा बघून प्लेटलेट्स चढवत नाहीत म्हणाले. सलाइनवरच निभावलं. शेजारच्या खाटेवर अथणीचे एक आजोबा होते. त्यांची सून कानडीत, आई मराठीत, रात्रभर दोघी एकमेकींना धीर देत होत्या.

म्हणून सांगते, आईचं रक्त तपासून घेच. अंग दुखतंय म्हणून ॲस्पिरिन, ब्रुफेन काही देऊ नकोस, त्याने रक्तस्रावाची भीती वाढते. पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. आणि ताप गेला की बिनघोर होऊ नकोस, तेव्हाच जास्त जप.

आता माझं. पित्ताशयात खडे निघालेत, एकादशीला ऑपरेशन आहे. घरात सगळे म्हणतात, दिवाळी होऊ दे. मी ऐकलं नाही. रात्री-अपरात्री कळ उठते, ती पार पाठीत जाते. एखादा खडा नळीत सरकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते. ऐन लक्ष्मीपूजनाला धावाधाव करण्यापेक्षा आत्ता झालेलं बरं. दुर्बिणीतून करणार आहेत, सगळं नीट झालं तर दुसऱ्या दिवशी घरी. पित्त यकृतातच तयार होतं, ही पिशवी नुसती साठवते, हे कळल्यावर जरा धीर आला. तरी भुलीची भीती वाटते, लता. ह्यांच्यासमोर बोलत नाही, ते आधीच बाबांच्या पायी दमलेत. बाबांना अजून धरून न्यावं लागतं आणि नेमकं मला काही दिवस वजन उचलायचं नाही, हे फार लागतंय मनाला.

फराळ जाऊबाई करून पाठवणार आहेत. आकाशकंदील तेवढा लावू.

चिनूने अंगणात किल्ला केलाय. पायथ्याशी ताटलीचं तळं, त्यात कागदी होडी. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, हे त्याला सांगितल्यापासून रोज संध्याकाळी तळं ओतून, पुसून ठेवतो. कालपासून गल्लीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्याही ओतत सुटलाय. बाबा खिडकीतून बघत असतात.

तू भाऊबीजेला माहेरी आलीस की इकडे ये. करून घालायला मी उभी नसेन, पण तू नुसती जवळ बसलीस तरी मला हवं आहे. आईचा रिपोर्ट आला की कळव, रात्र असली तरी फोन कर.

तुझी,
मंगल