सूर्य पन्हाळ्यामागे मावळत नाही: भूगोलाच्या बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

संगणकावर डोंगर, तळी आणि आभाळ उभं करायचा छंद असलेल्या आम्हा कोल्हापूरकरांची चित्रं तुम्ही बघितलीत आणि नुसतं ‘छान आहे’ म्हणून सोडून दिली नाहीत, म्हणून हे पत्र. ब्लेंडर काय किंवा टेराजेन काय, अशी दृश्यं उभी करायचे हे प्रोग्रॅम तुम्ही कधी उघडलेले नाहीत. तरी आमच्या फायलींतले कितीतरी आकडे तुमच्या बोलण्यातून आलेत. ते कुठे आणि कसे बसवले, हे जाहीरच लिहितो, म्हणजे या नादाला लागलेल्या इतरांनाही कामाला येईल.

आधी तो सूर्यास्त. अलीकडे रंकाळा, पलीकडे पन्हाळा आणि त्याच्यामागे बुडणारा लाल गोळा, हे हौशी चित्रांतलं लाडकं दृश्य. पन्हाळा शहराच्या वायव्येला आहे, तिथे सूर्य मावळतच नाही, एवढं सांगून तुम्ही ते निकालात काढलंत. हिशेब सोपा आहे. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर. सूर्य सर्वांत उत्तरेकडे मावळतो तो २१ जूनच्या सुमारास, आणि तेव्हाही त्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजली तर २९४ अंशांच्या आसपास येते. डिसेंबरात ती २४६ पर्यंत खाली येते. रंकाळ्यावरून पन्हाळा ३१५ च्याही पुढे. म्हणजे संध्याकाळचं ऊन पन्हाळ्यावर नेहमी डाव्या बाजूनं पडणार, पाठीमागून कधीच नाही. चित्रासाठी हे उलट सोयीचंच, कारण बाजूच्या उन्हात कडे आणि घळी उठून दिसतात. ब्लेंडरला सन पोझिशन नावाचं ॲड-ऑन, म्हणजे जोडप्रोग्रॅम, आहे. त्यात अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि वेळेचा फरक ५.५ भरला की सूर्य जागेवर बसतो. अट एकच, भूभागाची उत्तर आणि ॲड-ऑनची उत्तर एक हवी. चौकट नीट बसावी म्हणून भूभाग फिरवला असेल तर तेवढेच अंश उत्तरेच्या खान्यातही भरावे लागतात.

तुम्ही आणखी एक सांगितलंत, ते फार कमी जणांना सुचतं. मेच्या पहिल्या पंधरवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत दुपारी डोंगराची उत्तरेची बाजू थोडी जास्त उजळ आणि दक्षिणेची किंचित मंद दाखवायला हवी. त्यातले निम्मे दिवस ढगांतच जातात, ही गोष्ट वेगळी.

दुसरं, डोंगर ताणायची खोड. पन्हाळा आजूबाजूच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर वर आहे आणि रंकाळ्यापासून सरळ रेषेत साधारण १७ किलोमीटरवर. ३५ मिलिमीटरच्या लेन्सनं १९२० पिक्सेल रुंदीचं चित्र काढलं तर एवढा मोठा गड जेमतेम ४५ पिक्सेल उंच दिसतो. मग हौशी माणूस उंचीला दोननं किंवा तीननं गुणतो आणि पन्हाळ्याचा हिमालय होतो. त्यापेक्षा लेन्स बदलावी. १३५ मिलिमीटरला तोच गड १७० पिक्सेलच्या आसपास येतो आणि उतार खोटे होत नाहीत. उंचीचा गुणक आम्ही आता १ वरच ठेवतो. तुमच्या धाकानं म्हणा हवं तर.

उंचीची माहिती एसआरटीएम या अंतराळातून केलेल्या उंचीमोजणीच्या मोहिमेची. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं रडारनं केलेल्या मोजणीतून ती आली. कोल्हापूर, पन्हाळा आणि जोतिबा तिन्ही तिच्या एन१६ई०७४ या एका अंशाच्या तुकड्यात आहेत. तुकड्यात ३६०१ गुणिले ३६०१ बिंदू असतात आणि दोन बिंदूंमध्ये एक सेकंदाचं, म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागाचं, अंतर. पण आपल्या अक्षांशावर हे अंतर दक्षिणोत्तर ३०.७ मीटर आणि पूर्वपश्चिम २९.६ मीटर भरतं. तुकडा तसाच चौकोनी मानून वापरला तर नकाशा जवळपास चार टक्के रुंद होतो. म्हणून क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये तो आधी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात बदलून घ्यायचा. त्या वेळी रीसॅम्पलिंग, म्हणजे नव्या बिंदूंची उंची काढायची पद्धत, क्यूबिक ठेवायची. नीअरेस्ट ठेवली तर उतारांवर करवतीसारखे दाते येतात.

यातल्या उंच्या पूर्ण मीटरमध्ये आहेत. डोंगरावर ते कळत नाही, पण पंचगंगेच्या काठच्या सपाटीवर तिरपं ऊन पडलं की एकेका मीटरच्या पायऱ्या दिसायला लागतात. उपाय असा: फाइल ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक मावतील अशी, बदलायची, दोन-तीन अंशांपेक्षा कमी उताराच्या जागांचा मास्क करायचा, म्हणजे त्या जागा वेगळ्या निवडायच्या, आणि तेवढ्याच भागावर हलका ब्लर द्यायचा. सगळ्या भूभागाला दिला तर कडे विरघळतात. उंचीचं चित्र ८ बिट केलं तर ४०० मीटर अवघ्या २५६ पातळ्यांत बसवावे लागतात, म्हणजे दीड-दीड मीटरची पायरी. १६ बिट हवंच. ब्लेंडरमध्ये त्याची कलर स्पेस नॉन-कलर ठेवायची, म्हणजे आकडे रंग समजून बदलले जात नाहीत. नेहमीच्या चित्रांची एसआरजीबी राहिली तर मधल्या उंच्या दबतात, पायथा पसरट होतो आणि माथा सुळक्यासारखा वर येतो.

बाई, तुमचं खरं देणं मात्र खडकातलं. गाया, वर्ल्ड मशीन असल्या प्रोग्रॅममध्ये नॉइज, म्हणजे यादृच्छिक चढउतार, टाकला आणि पाण्याची झीज चालवली की धारदार कण्याचे, निमुळत्या शिखरांचे डोंगर तयार होतात. दिसायला झकास, पण सह्याद्रीचे नव्हेत. आपला डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या आडव्या थरांचा. कठीण बेसॉल्टचा थर कडा होऊन उभा राहतो. त्याच्याखालचा सच्छिद्र, मऊ थर झिजून तिरपा होतो आणि तिथेच झाडी धरते. वर जांभ्याची सपाट टोपी. मसाई पठार बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून क्रम उलटा केला: आधी थर, मग झीज. थरांचा कल शून्याजवळ ठेवायचा आणि जाडी १० ते ४० मीटरच्या दरम्यान अनियमित. सगळे थर सारख्या जाडीचे झाले की घाटाच्या पायऱ्या वाटतात. मग झीज मध्यम ताकदीनं चालवायची, थरांच्या कडा थोड्या तुटतील इतपतच. कड्याखाली दरडीचे दगड ३० ते ३५ अंशांच्या उतारावर थांबतात, त्याहून उभे ठेवले तर ते चिकटवल्यासारखे दिसतात.

१५-२० मीटरचा कडा ३० मीटरच्या जाळीत सापडतच नाही, त्याचा नुसता उतार होतो. जवळून दाखवायचा असेल तर तीव्र उताराचा मास्क काढून तिथे कडा हातानं घालावा लागतो. त्यावर खडकाचं चित्र (टेक्स्चर) वरून टाकलं तर ओघळ आल्यासारखं ताणलं जातं, म्हणून ते बाजूंनीही टाकणारं बॉक्स प्रोजेक्शन वापरायचं.

धुरकटपणाबद्दल तुम्ही विचारलं होतंत, महिना कुठला? तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या नावात महिना असतो. दृश्याचं एकक मीटर असेल तर हवेतल्या धुरकटपणाची घनता ०.०००२ म्हणजे सुमारे २० किलोमीटरची दृश्यमानता. त्या हवेतून १५ किलोमीटरवरच्या डोंगराचा फक्त पाच टक्के प्रकाश आपल्यापर्यंत पोचतो. उन्हाळ्याला हे चालतं. पाऊस उघडल्यानंतरच्या धुतलेल्या हवेला ०.००००५ घेतलं की तोच प्रकाश ४७ टक्के होतो आणि कड्याच्या रेघा मोजता येतात. घनता उंचीबरोबर कमी व्हायला हवी, नाहीतर माथाही पायथ्याइतकाच धुरात जातो. दृश्यात खरी धुरकट हवा (व्हॉल्यूम) भरली तर चित्र काढायला फार वेळ लागतो. त्याऐवजी डेप्थ पासवर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचं अंतर नोंदवणाऱ्या चित्रावरून, धुकं चढवता येतं, फक्त ते अंतराबरोबर घातांकी पद्धतीनं वाढवायचं. सरळ रेषेत वाढवलं तर मधले डोंगर पुठ्ठ्याचे वाटतात.

झाडाझुडपांचं थोडक्यात: झाडं उतारावरही सरळ वर वाढतात, तेव्हा झाडाच्या प्रती (इन्स्टन्स) उताराला लंब ठेवू नयेत. आकार ०.७ ते १.३ पट, फिरवणं पूर्ण ३६० अंश, आणि विखुरताना नॉइजचा मास्क, म्हणजे झाडी पुंजक्यांनी येते. गवत पावसाळ्यात हिरवं, डिसेंबरनंतर पिवळसर. सपाटीवर ऊस दोन-तीन मीटर उंच आणि थंडी सुरू होताना त्याला पांढरा तुरा. तुऱ्याची आठवण तुम्ही करून दिली नसती तर ती शेतं नुसत्या हिरव्या चटया राहिली असती.

आता काम दाजीपूर-राधानगरीच्या बाजूचं चालू आहे. ७४ रेखांशाच्या पश्चिमेचा तो भाग एन१६ई०७३ तुकड्यात येतो. दोन तुकडे जोडताना शिवेवरची बिंदूंची रांग दोन्हींत तीच असते, ती एकदाच घ्यायची, एवढं जमलंय. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारा कडा मात्र थरांच्या हिशेबात अजून बसत नाही. तयार चित्र (रेंडर) छापून घरी आणून देतो. लाल पेन तयार ठेवा.

तुमचे ऋणी,
कोल्हापुरातले संगणकी डोंगरवाले