चढाईच्या प्रशिक्षकाला गुणांची अट घालू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ठाण्यातील एका महाविद्यालयाने आपल्या कबड्डी संघासाठी चढाईचा स्वतंत्र प्रशिक्षक नेमल्याची आणि त्यावरून माजी विद्यार्थी व पाठीराख्यांमध्ये जुंपल्याची बातमी आपल्या ठाणे पुरवणीत वाचली. काहींचं म्हणणं, हरियाणाचा माणूस कशाला, आपल्याकडे जाणकार नव्हते का? इतरांचं म्हणणं, आले आहेत तर राहू देत, पण सामन्यामागे चढाईचे सरासरी वीस गुण मिळाले नाहीत तर हंगामाअखेर नारळ द्यावा, आणि तसं करारातच लिहून घ्यावं. या मागणीचं निवेदन सह्यांसाठी कळव्यात माझ्या घरापर्यंत आलं. मी सही केली नाही. मी स्वतः खेळले आहे, शाळेत मुलींना कबड्डी शिकवली आहे आणि पंच म्हणून शिट्टीही वाजवली आहे, म्हणून हे लिहिते आहे.

बाहेरच्या माणसाचा मुद्दा मला पटत नाही. नाशिकच्या शैलजा जैन यांनी इराणच्या मुलींना तयार केलं आणि त्या मुलींनी २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात भारतालाच २७-२४ असं हरवून सुवर्णपदक नेलं. तेव्हा वाईटही वाटलं आणि आपल्या बाईंचा अभिमानही वाटला. आपण शिकवायला बाहेर जातो, तर बाहेरच्यानेही इथे यावं.

खरा घोळ आहे तो गुणांच्या अटीचा. कबड्डीत तेच सात जण चढाई करतात आणि तेच पकडी करतात. चढाईपटू बाद झाला की बचावातला एक माणूस कमी होतो, त्याने गडी मारला की बाहेर बसलेला एक आत येतो. मग चढाईचं खातं वेगळं कसं काढणार? बोनस गुण, म्हणजे समोरच्यांच्या अंगणातली बोनस रेषा ओलांडल्याचा गुण, समोर सहा किंवा सात गडी असतील तरच मिळतो. म्हणजे आपल्या पोरांनी समोरचे तीन-चार जण टिपले की बोनसची वाटच बंद होते, आणि हे चांगल्या खेळाचंच लक्षण असतं. आता समजा, आपण आठ गुणांनी पुढे आहोत आणि शेवटची तीन मिनिटं उरली आहेत. शहाणा चढाईपटू काय करील? निदान रेषा, म्हणजे प्रत्येक चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा, ओलांडील, दम घुमवत तीस सेकंद खाईल आणि मोकळ्या हाताने परत येईल. प्रशिक्षकाने हेच शिकवायला हवं. पण त्यांची नोकरी वीस गुणांवर टांगली असेल, तर हाच मुलगा उगाच खोल घुसेल, आणि समोर तिघेच असतील तर अव्वल पकडीचे (तिघांनी किंवा त्याहून कमी गड्यांनी केलेल्या पकडीचे) दोन गुण देऊन बाहेर बसेल. जिंकलेला सामना असा हातचा जाताना मी पंचांच्या खुर्चीवरून पाहिला आहे.

अशी अट अमेरिकेत प्रत्यक्ष घातली गेली होती. माझा मुलगा आयोवा सिटीत राहतो. २०२३च्या शरद ऋतूत मी त्याच्याकडे होते. तिकडच्या फुटबॉलमध्ये आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे, आणि आक्रमणाची आखणी करायला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर नावाचा प्रशिक्षक असतो. आयोवा विद्यापीठात हे काम ब्रायन फेरेंट्झ यांच्याकडे होतं. मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ हे त्यांचे वडील, त्यामुळे लोकांचा राग दुप्पट. विद्यापीठाने त्यांचा पगार कापला आणि करारात लिहिलं की संघाने सामन्यामागे सरासरी २५ गुण करावेत आणि किमान सात सामने जिंकावेत. त्यात बचावाने केलेले गुणसुद्धा धरायचे होते! पहिला सामना संघाने २४-१४ असा जिंकला, आणि मुलाच्या घरी जमलेले सगळे बोलत होते ते एक गुण कमी पडला यावर. सामना कसा झाला हे बाजूलाच राहिलं. आक्रमण खरोखरच दुबळं होतं, ते माझ्यासारख्या नवख्या बाईलाही दिसत होतं. पण ३० ऑक्टोबरला, हंगाम चालू असतानाच, फेरेंट्झ पुढच्या वर्षी नसतील असं विद्यापीठाने जाहीर केलं. सरासरी पुरी व्हायची वाटदेखील पाहिली नाही. मग त्या अटीचा उपयोग काय झाला? संघाने बचावाच्या जोरावर दहा सामने जिंकले, सरासरी जेमतेम पंधराची राहिली. पुढे जानेवारीत टिम लेस्टर यांची नेमणूक झाली, तेव्हा मुलगा फोनवर सांगत होता, पुन्हा तोच वाद, हे बरे की ते बरे.

ठाण्याच्या महाविद्यालयातल्या या नव्या प्रशिक्षकांचा सराव मी मुद्दाम जाऊन पाहिला. त्यांनी मुलांना चढाईला पाठवलं, पण कोणाला हात लावायचा नाही असं बजावून. परत आल्यावर प्रत्येकाला एकच प्रश्न: आधी कोण हललं? एक लांबसडक मुलगा म्हणाला, डावा कोपरा, म्हणजे डाव्या टोकाचा बचावपटू. प्रशिक्षक म्हणाले, नाही, त्याच्या शेजारच्याचा गुडघा आधी वाकला, कोपऱ्याने ते पाहून पाय टाकला. मुलगा पुन्हा गेला, पुन्हा पाहून आला, आणि या वेळी बरोबर सांगितलं. ही नजर तयार व्हायला एक हंगाम पुरत नाही. त्यानंतर याच चढाईपटूंना त्यांनी साखळी धरायला, म्हणजे हातात हात धरून पकड करायला लावलं. चढाईच्या प्रशिक्षकाने पकडीचा सराव घेतला, ही गोष्ट मला फार आवडली. त्या तासाचा एकही गुण त्यांच्या नावावर लागणार नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. सराव सगळा मातीवर चालतो आणि स्पर्धेचे सामने मॅटवर होतात. मातीत पाय थोडा सरकतो, मॅटवर तो जागीच धरला जातो. मातीची सवय असलेला मुलगा मॅटवर वेगात वळला की गुडघा दुखावतो, आणि मग हंगामभर बाहेर बसतो. कितीही मोठा प्रशिक्षक आणला तरी तो हे सांभाळून घेऊ शकत नाही.

म्हणून सह्या गोळा करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. निवेदनातली वीस गुणांची ओळ काढून टाका. तिच्या जागी लिहा की प्रशिक्षकांना किमान दोन हंगामांचा करार द्यावा, कारण दर वर्षी तिसऱ्या वर्षाची मुलं बाहेर पडतात आणि नवी घडवावी लागतात. आणि संघाला सरावासाठी मॅट घेऊन द्यावी. त्या कागदावर मी सही करीन, आणि कळवा-खारेगावातल्या जुन्या खेळाडूंच्या सह्याही स्वतः फिरून आणून देईन.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, कळवा (जि. ठाणे)