हिंदू कॉलनीतल्या इंजिनिअर काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही अशी तुमची सक्त ताकीद, म्हणून नुसतं 'काका'. पण आभार जाहीरच मानायचे होते. त्या रविवारी राजगृहाबाहेर, बाबासाहेब आंबेडकरांच्या दादरच्या घराबाहेर, आमच्या नववीच्या मुलांना तुम्ही जे सांगितलंत, ते आणखी चार शिक्षकांच्या कानावर जायला हवं.

आम्ही खरं तर दर्शनाला आलो होतो. तळमजल्यावरचं स्मारक बघायचं, अस्थींना हात जोडायचे, छायाचित्रं पाहायची आणि निघायचं. त्यात वावगं काहीच नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेली माणसं राजगृहाकडेही वळतात, ती याच ओढीनं. तुम्ही मात्र मुलांना रस्त्यावरच थांबवलंत आणि विचारलंत, "हे घर कुणी बांधलं ते तुम्हाला माहीत आहे. कशासाठी बांधलं, सांगा बघू."

"राहायला," असं एकजण म्हणाला. तुम्ही हसलात आणि पिशवीतून कायद्याची जाडजूड पुस्तकं काढलीत. एकेकाला हात सरळ पुढे करून ती धरायला लावलीत. आमची एक मुलगी चांगली खो-खो खेळणारी, पण तिचाही हात थोड्याच वेळात थरथरायला लागला. मग तुम्ही हिशेब घातलात. बाबासाहेबांच्या संग्रहात पन्नास हजारांवर ग्रंथ होते असं सांगतात. एकाचं वजन अर्धा किलो धरलं तरी किती? पोरांनी तोंडी गुणाकार केला : २५ टन. आणि हे सगळं तळमजल्यावर नाही, वर! राहत्या घराच्या स्लॅबवर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या खोलीसाठी आजच्या मानकांप्रमाणे ६०० किलो आणि कपाटं उंच असतील तर त्याहून जास्त, हे तुमच्याकडूनच कळलं. खाली कुटुंबासाठी तीन-तीन खोल्यांचे दोन ब्लॉक आणि वर ग्रंथालय व कार्यालय, अशी त्या घराची मूळ मांडणी. ती ऐकल्यावर मघाचाच मुलगा म्हणाला, "म्हणजे पुस्तकांना राहायला." आमच्या वर्गात तो सहसा तोंड उघडत नाही.

पाठ्यपुस्तकात या घराच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. त्यामुळे नंतरची परळच्या चाळीची भेट मला सगळ्यांत मोलाची वाटली. तुम्ही आग्रह केला नसता तर आम्ही तिथे गेलोच नसतो. बी.आय.टी. चाळ क्रमांक १, खोल्या ५० आणि ५१. ओळीनं खोल्या आणि समोर सामाईक गॅलरी. राजगृहाआधी बाबासाहेबांनी संसाराची कितीतरी वर्षं इथे काढली. एका खोलीत घर आणि दुसरीत वाचन-लेखन, येणारी-जाणारी माणसं. तुम्ही म्हणालात, "बघा, शेजारशेजारच्या या दोन खोल्याच दादरला एकावर एक चढल्या." हे तुमचं स्वतःचं निरीक्षण, कुठल्या दप्तरात सापडणारं नाही. पण मला ते पटलं आणि आता मी वर्गात तसंच सांगते (तुमच्या नावाशिवाय, अर्थात).

बी.आय.टी. ही अक्षरं पोरं रोज बसमधून वाचतात, पण ती बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं कामगारांसाठी चाळी बांधल्या आणि त्यानंच शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याची मोकळी जमीन आखून मध्यमवर्गाला प्लॉट दिले. झाडांचे रस्ते, इमारतींभोवती मोकळी जागा, समाजासमाजाच्या कॉलन्या. म्हणजे परळची खोलीही ट्रस्टची आणि दादरचा प्लॉटही ट्रस्टच्याच योजनेतला. या दोन्हींमध्ये थोडंच अंतर, पण अस्पृश्य म्हणून वाढलेल्या माणसानं ते कापून 'हिंदू कॉलनी' नावाच्या वस्तीत घर बांधलं, एवढं बोलून तुम्ही गप्प बसलात. मुलांनी मग वाटेत आपापसात जी चर्चा केली, ती मी मुद्दाम मध्ये न पडता ऐकली.

रमाईंबद्दल, बाबासाहेबांच्या पत्नीबद्दल, तुम्ही थोडंच बोललात. त्यांना हे घर जेमतेम लाभलं, २७ मे १९३५ ला त्या इथेच गेल्या. मुलींनी मात्र परत परत त्यांच्याबद्दलच विचारलं : त्यांना कुठली खोली आवडायची, चाळीतल्या शेजारणी इथे यायच्या का. याची उत्तरं ना तुमच्याकडे होती ना माझ्याकडे, आणि तुम्ही उगाच काही रचूनही सांगितलं नाहीत. त्याबद्दल विशेष आभार. हल्ली जुनी घरं दाखवणारे बरेचजण अशा वेळी गोष्ट बनवून मोकळे होतात.

कॉलनीतली बाबासाहेबांची दुसरी इमारत, 'चार मिनार', त्यांनी १९४१ मध्ये विकली. कर्ज फेडायचं होतं आणि पुस्तकं घ्यायची होती. हे ऐकून एकानं विचारलं, "सर, मग वरचं वजन आणखी वाढलं असेल ना?" तुम्हाला सर म्हणाला तो! पुढच्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि मुक्काम बहुतेक तिकडेच राहिला. शेवटी इथे आणलं ते त्यांचं पार्थिव, ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत निधन झाल्यावर, अंत्ययात्रेसाठी.

मुलांनी राजगृहाचे आणि चाळीचे नकाशे काढलेत. प्रमाण चुकलंय, जिन्याची दिशाही बहुधा उलटी आहे. पाकिटात घालून पाठवते आहे, लाल पेन घेऊन बसा. आणि एक विनंती : बाबासाहेबांच्या संग्रहातली बरीच पुस्तकं फोर्टला सिद्धार्थ कॉलेजकडे आहेत, ती बघायची म्हणून पोरं मागे लागली आहेत. परवानगीचा अर्ज मी करते. तुम्हाला शनिवार जमेल की रविवार, तेवढं कळवा.

तुमची,
नववी 'ब'च्या इतिहासाच्या बाई