खताचे हौद बांधले, पुढे काय?

महोदय,

५,००० चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये सांगितले गेले आणि पुण्यातील अनेक सोसायट्यांनी खताचे हौद बांधले. मात्र त्यांची देखभाल कोणी करायची, हा प्रश्न बहुधा वार्षिक सभेतच विरून जातो. आमच्या शेजारच्या एका संकुलात उरलेली आमटी आणि निर्माल्याची पिशवी गाठ न सोडताच हौदात पडते, तळाशी काळे पाणी साचते आणि दुर्गंधीच्या तक्रारी आल्या की हौदाला झाकण लागते.

वास्तविक भाजीच्या देठांत व फळांच्या सालींत पाणी आणि नत्र भरपूर असल्याने प्रत्येक थरावर वाळका पाला, लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा चुरा पसरून ढीग वरचेवर हलवला, तर हवा खेळती राहते, ढीग आतून चांगला तापतो आणि वासाचा त्रास होत नाही. (हाच पाला कित्येक सोसायट्या कोपऱ्यात जाळतात, ते वेगळेच.) हे काम कचरावेचक महिला उत्तम जाणतात, त्यांना हातमोजे आणि त्यासाठी वेगळा मोबदला देण्याची तरतूद देखभाल शुल्कातच करावी, तसेच महापालिकेने मिळकतकरातील सवलत देताना हौदातून खरोखर खत निघते का, याची दरवर्षी पाहणी करावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे